गोल्फच्या ड्रायव्हरचा शाफ्ट (दांडा) इंचभर कापायचाय, पण मग क्लबचं डोकं हलकं लागतं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे गोल्फवाले थोडेच असणार, पण मागे पटरच्या ग्रिपवर चर्चा झाली तेव्हा दोन-तीन पक्के जाणकार निघाले होते. त्या भरवशावर विचारतोय.

मी पुण्यात खेळतो, वय पन्नाशीपलीकडे, उंची ५ फूट ५. ड्रायव्हर (सगळ्यात लांब क्लब) दुकानातून घेतला तसाच आहे, लांबी ४५.७५ इंच. आयर्न बरे लागतात, थ्री-वूड (ड्रायव्हरहून आखूड क्लब) तर माझा लाडका. ड्रायव्हर काढला की मात्र चेंडू उजवीकडे झाडीत. कॅडी आता ड्रायव्हर हातात देतानाच उजवीकडे बघायला लागतो.

रेंजवर पायाला मारायचा पावडरचा स्प्रे ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर फवारून पाहिला. ठसे बहुतेक सगळे हीलकडे (डोक्याच्या शाफ्टकडच्या बाजूला), मधल्या स्वीट स्पॉटपासून चांगले रुपयाच्या नाण्याइतके आत. मग ग्रिप इंचभर खाली धरून मारलं, तर ठसे मध्यावर सरकले आणि स्लाइसही (चेंडूचं उजवीकडे वळणं) निम्म्यावर आला. म्हणजे लांबी हेच दुखणं असावं.

अडचण पुढे आहे. खाली धरल्यावर क्लबचं डोकं कुठे आहे तेच हाताला कळत नाही. वर नेताना काठी फिरवल्यासारखं वाटतं आणि खाली येताना घाई होते. कापल्यावरही असंच वाटणार असेल तर काय उपयोग?

तर विचारायचं असं:

किती कापावं? एक इंच की अर्धाच? अंतर किती जाईल? कापल्याने शाफ्ट कडक होतो म्हणतात, ते कितपत खरं? आणि गेलेलं वजन परत कसं आणायचं? आमच्या गल्लीतला नळदुरुस्तीवाला पाइप कटरने दोन मिनिटांत कापून देतो म्हणतोय, देऊ का?

लाँच मॉनिटरवर (फटका मोजायच्या यंत्रावर) डोक्याचा स्पीड ताशी ९० मैलांच्या आसपास येतो. शाफ्ट ग्रॅफाइट, रेग्युलर फ्लेक्स (लवचिकता).

---

बंकरवासी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: अजिबात देऊ नका! पाइप कटर स्टीलच्या शाफ्टला चालतो. ग्रॅफाइटला तो दाबून चिरडतो, आतले थर सुटतात आणि पुढे कधीतरी ग्रिपखालीच तडा जातो. बारीक दातांची हॅक्सॉ ब्लेड घ्या, कापायच्या जागेवर मास्किंग टेपचे दोन-तीन वेढे द्या, शाफ्ट फिरवत फिरवत कापा. तोंडाला मास्क हवाच, ती काळी भुकटी छातीत जाऊ द्यायची नाही.

आणि कापायचं ते ग्रिपच्या बाजूने. आमच्याकडे एका दुकानात मित्राचा शाफ्ट डोक्याच्या बाजूने कापून दिला होता. टोकाची मऊ बाजू गेली, अ‍ॅडॉप्टर (शाफ्ट डोक्याला जोडणारा तुकडा) पुन्हा चिकटवावा लागला, आणि क्लब असा कडक झाला की त्याने शेवटी विकून टाकला.

---

जुना लोहार

भाऊ, तुमचं निदान बरोबर वाटतंय. हीलवर लागलेला चेंडू गिअर इफेक्टमुळे (डोकं वळतं आणि चेंडूला उलटी फिरकी मिळते) उजवीकडे वळतोच (उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी). ठसा मध्यावर आला की निम्मं काम झालं.

आता वजनाचं. अर्धा इंच कापला की स्विंग वेट (डोकं हाताला किती जड लागतं याचं माप; सी-९ नंतर डी-० येतं) साधारण तीन अंक उतरतं, म्हणजे इंचाला सहा. तुमचा ड्रायव्हर डी-३ असेल तर सी-७ होईल. हा फरक कुणाच्याही हाताला कळेल, तुमच्या मनाचा खेळ नाही. डोक्यावर दोन ग्रॅम चढवले की एक अंक परत मिळतो. म्हणजे हिशेबाने बारा ग्रॅम.

पण बाराच्या बारा चढवू नका. स्विंग वेटचा काटा ग्रिपच्या टोकापासून चौदा इंचांवर तोल मोजतो, क्लब फिरवायला किती जोर लागतो ते मोजत नाही. फिरवायच्या हिशेबात लांबीचा वर्ग येतो. २०० ग्रॅमचं डोकं धरून मी गणित केलं तर इंचभर कापलेल्या ड्रायव्हरला नऊ-दहा ग्रॅमच पुरतात. सहापासून सुरुवात करा आणि चढवत जा.

कडकपणाबद्दल: ग्रिपकडून इंच कापल्याने शाफ्ट किंचित कडक होतो, पण डोक्यावर वजन चढवलं की तोच किंचित मऊही होतो. दोन्ही मिळून फारसं काही उरत नाही. त्याची काळजी सोडा.

---

टी_वर_चहा

अंतराचं मी सांगतो. इंचाला हेड स्पीड एखाद-दीड मैल उतरतो असं धरा, आणि एका मैलाला अडीच यार्डांच्या आसपास. म्हणजे कागदावर तीन-चार यार्डांचं नुकसान. हीलवर लागणारा चेंडू याहून कितीतरी जास्त खातो. वैतागून कापणाऱ्यांचं अंतर उलट वाढलेलं मी पाहिलंय.

आणि लांब शाफ्ट म्हणजे लांब चेंडू हे दुकानातलं गणित आहे. १९९७ ची मास्टर्स स्पर्धा टायगर वुड्सने बारा शॉट्सच्या फरकाने जिंकली तेव्हा त्याचा ड्रायव्हर ४३.५ इंची होता, तोही स्टील शाफ्टचा! दुसऱ्या टोकाला मिकेल्सन: २०२१ ला किआवा आयलंडवर पन्नाशीत पीजीए चॅम्पियनशिप जिंकला तेव्हा जवळजवळ ४८ इंचाचा ड्रायव्हर बाळगून होता. त्यानंतर जानेवारी २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांसाठी ४६ इंचांची मर्यादा घालणारा, आयोजकांना ऐच्छिक असा स्थानिक नियम आला. आपल्याला ४८ ची मर्यादा लागू, म्हणजे काळजी नाही. :)

---

फोर_ओरडणारी

एक वेगळा सूर लावते. कापायच्या आधी कोचला एकदा दाखवलंत का? चेंडूच्या फार जवळ उभं राहिलं तरी ठसे हीलकडेच येतात. माझा स्लाइस अर्धं पाऊल मागे सरकल्यावर गेला, एक पैसा खर्च न होता. आयर्न बरे लागतात म्हणजे स्विंग ठीकच असेल, पण ड्रायव्हरला उभं राहणं वेगळं असतं.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. फोर_ओरडणारी ताई, कोचने उभं राहण्याकडेही पाहिलं. मागे सरकलो की मी चेंडूपर्यंत ताणून जातो आणि टोवर (डोक्याच्या पलीकडच्या टोकावर) मारतो. हात आखूड हो, काय करणार.

लोहारकाका, एक शंका. खाली धरल्यावर आत्ता जे हलकं वाटतं, कापल्यावरही तेवढंच वाटेल का?

---

जुना लोहार

नाही, थोडं कमी. सहसा कोणी हे लक्षात घेत नाही. खाली धरता तेव्हा ग्रिपचा वरचा इंच तुमच्या हाताच्या मागे शिल्लक राहतो. पन्नासेक ग्रॅमची ग्रिप आहे, ती मागून तोलते आणि डोकं आणखी हलकं भासवते. कापून नवी ग्रिप बसवली की ती सगळी इंचभर खाली येते, तो मागचा तोल जातो. शिवाय खाली धरताना तुम्ही ग्रिपचा निमुळता, बारीक भाग धरता. बारीक ग्रिपने मनगटं जास्त फिरतात, म्हणून तुम्हाला घाई होत असणार.

म्हणजे खाली धरून ठसा कुठे पडतो ते नक्की कळतं, पण हाताला कसं लागेल याबद्दल ती चाचणी फसवते. कापायच्या आधी असं करा: ग्रिपच्या खालच्या भागावर टेपचे एक-दोन जादा वेढे घेऊन ती जाड करा, आणि डोक्याच्या तळाला लेड टेप (शिशाची चिकटपट्टी) लावून मग खाली धरून मारा. अर्धा इंच रुंदीची नेहमीची टेप चार इंच घेतली की साधारण दोन ग्रॅम भरते. खात्री करायची तर दागिने तोलायचा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. स्लाइस आहे म्हणून टेप हीलच्या बाजूला लावा. तुमच्या ड्रायव्हरला मागे वजनाचा स्क्रू असेल तर त्याच कंपनीचा जड स्क्रू मिळतो, ते काम जास्त नीटनेटकं. मागे वजन गेलं की चेंडू थोडा उंचही उडतो, ९० मैलांना ते चांगलंच.

अजून एक. तुमचा थ्री-वूड त्याच कंपनीचा आणि त्याच पिढीचा असेल तर अ‍ॅडॉप्टर बहुधा एकच असतो. त्याचा शाफ्ट ड्रायव्हरच्या डोक्याला लावून रेंजवर मारून बघा. तो ड्रायव्हरपेक्षा बराच आखूड आणि बहुधा जडही असतो. त्याच्यावरही ठसे मध्यावर आले तर लांबीवर शिक्कामोर्तब.

---

बंकरवासी

लोहारकाकांना दुजोरा. कापायचंच ठरलं तर आधी अर्धा इंच. कापलेल्या शाफ्टला ग्रिपकडून एक्स्टेंशन घालून लांबी परत आणता येते, पण त्याने मागचं वजन वाढतं, हाताला मूळच्यासारखं लागत नाही. ग्रिप काढताना हुक ब्लेड वापरा, सरळ ब्लेडने ग्रॅफाइटवर ओरखडा पडतो. आणि आधी लांबी स्वतः मोजा. डोकं जमिनीवर मारताना ठेवतो तसं टेकवून, हीलच्या मागून ग्रिपच्या टोपीपर्यंत.

---

धागाकर्ता

थ्री-वूड त्याच कंपनीचा आहे, अ‍ॅडॉप्टर फिरवून पाहिला, बसतोय! या रविवारी रेंजवर आधी तेच करतो, टेप मागवली आहे. राउंडच्या मध्ये टेप काढली-लावली तर चालते का? म्हणजे पहिल्या नऊ होल्सना एक आणि पुढच्या नऊला दुसरी अशी तुलना करावी म्हणतो.

---

टी_वर_चहा

सराव असेल तर खुशाल करा. हँडिकॅपसाठी (खेळाडूची पातळी सांगणारा अंक) स्कोअरकार्ड भरणार असाल तर नाही, राउंड सुरू झाल्यावर क्लबच्या गुणात मुद्दाम बदल करता येत नाही, त्यात लेड टेपही आली. ती पहिल्या टीच्या आधीच चिकटवा आणि अठरा होल्स तशीच राहू द्या.