आईसोबत प्लिटवित्से सरोवरे पाहण्यासाठी सल्ला हवा आहे

प्रश्न:
नमस्कार. मी म्युनिकमध्ये राहतो. मे महिन्यात आई पुण्याहून येत आहे. तिचे वय ६८ असून गुडघे दुखतात. थांबत थांबत दोन-अडीच तास ती चालते, पण चढ सोसत नाही. क्रोएशियातील प्लिटवित्से सरोवरे तिला दाखवण्याची मनापासून इच्छा आहे. कोणत्या वाटेने जावे? झाग्रेबहून एका दिवसात जाऊन येणे जमेल का?

प्रतिसाद १:
आईंना अवश्य न्या, फक्त सोळाही सरोवरे पाहण्याचा आग्रह धरू नका. दुसऱ्या प्रवेशद्वारातून आत शिरून उद्यानाच्या गाडीने थेट वर जावे आणि तिथून लाकडी फळ्यांच्या वाटेने, पाणी जसे एका सरोवरातून दुसऱ्यात उतरते तसे आपणही उतरत कोझ्याक सरोवरापर्यंत यावे. पुढे विजेवर चालणारी बोट आहे. गाडी आणि बोट दोन्हींचे भाडे तिकिटातच येते. परतताना धक्क्यापासून दारापर्यंत थोडा चढ आहे, तो सावकाश चढावा. फळ्यांना बहुतेक ठिकाणी कठडा नसतो आणि त्या ओल्या असतात, म्हणून पायात चांगली पकड असलेले बूट हवेत.

प्रतिसाद २:
७८ मीटरचा वेलिकी स्लाप धबधबा पाहायला खाली उतरू नका. पहिल्या प्रवेशद्वाराजवळच्या सज्जातून तो पूर्ण दिसतो. झाग्रेब सुमारे १३० किलोमीटर आहे, तरीही आईंसाठी उद्यानाजवळ एक मुक्काम कराच, कारण सकाळी गर्दी नसताना फळ्यांवर निवांत थांबता येते. तिकिटावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते, ते आधीच काढा. २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये असल्यामुळे वेगळा व्हिसा लागणार नाही.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. आईला पाण्यात पाय सोडून बसायचे आहे, ते चालेल का?

प्रतिसाद १:
नाही, पाण्यात उतरण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. ही सरोवरे ज्या बांधांनी अडवली आहेत ते बांध पाण्यातला चुना शेवाळावर साचून बनतात, आणि ते काम आजही चालू आहे. काठाशी वाकून पाहिलेत तर पाण्यात पडलेल्या फांदीवर, बोअरचे पाणी तापवलेल्या पातेल्यात बसतो तसा पांढुरका थर दिसेल. पाय सोडण्याची हौस झाग्रेबला परतताना स्लुन गावाजवळ कोराना नदीवर पुरवा. प्लिटवित्सेचेच पाणी पुढे त्या नदीतून वाहते.