धिंगरीच्या खोलीतली काळी चिलटं डासांची जात आहे का?

जुळेसोलापूरकर: मंडळी, गच्चीवरच्या खोलीत धिंगरी मशरूम लावलीय, गव्हाच्या भुसकटाच्या बॅगा टांगून. पाऊस लागल्यापासून बॅगांभोवती बारीक काळी चिलटं लई फिरायलेत. चावत नाहीत, पण आई म्हणते डासच हायेत, डेंग्यू होईल, काढ ते सगळं. कॉइल लावून बघितली, काही फरक नाही. एक बॅग फाडली तर आत अळ्या, अंग काचेसारखं आरपार आणि डोकं तेवढं काळं चकचकीत. हे नक्की कुणाचे नातेवाईक, डासाचे का माशीचे?

किडामुंगी: काळं डोकं म्हणजे सियारिड, ज्याला फंगस नॅट म्हणतात ते. कुंडीत पाणी जास्त झालं की मनी प्लांटभोवती उडतात तेही बहुतेक हेच. आईंना सांगा, याला रक्त प्यायची सोंडच नाही आणि डासाची अळी पाण्यात वाढते, याची ओल्या भुसकटात. लांब पाय, लांब मिशा बघून डास वाटतो खरा, पण 2011 साली माश्यांच्या वंशावळीचा मोठा डीएनए अभ्यास झाला त्यात ही चिलटं घरमाशी आणि केळ्यावरच्या माशीच्या फांदीला जास्त जवळची निघाली, डास लांबचा.

काळीमाती_मंगळवेढा: भारी धागा. ज्वारीच्या कणसात दाणा भरू न देणारी मिजमाशी माहितेय ना, ती पण याच गोतावळ्यातली, आणि भातावरची गादमाशी पण. या मिजमाश्यांच्या घराण्यातल्या जुन्या शाखा अजून बुरशीच खातात, पिकात शिरणाऱ्या नंतरच्या. काहींनी तर झाडावर त्यांच्यामुळे येणाऱ्या गाठीच्या आतच बुरशी वाढवून ठेवलीय, म्हणजे झाडात राहून पण बुरशी काही सुटली नाही. मशरूमवरच्या काही मिजमाश्यांचं तर अजबच, खायला भरपूर असलं की अळी मोठी व्हायची वाटच बघत नाही, अळीच्या पोटातच पुढच्या अळ्या तयार होतात आणि तिला आतून खाऊन बाहेर पडतात. चार दिवसांत बॅग गेली म्हणून समजा.

किडामुंगी: आणि सगळे बुरशीवरच थांबले असंही नाही. न्यूझीलंडमधल्या वायटोमो गुहेत छताला निळसर चमकतात ना, त्या फंगस नॅटच्याच अळ्या, चिकट धागे खाली सोडून उजेडाला आलेले किडे पकडून खातात.

जुळेसोलापूरकर: बापरे. बरं पण बॅगा वाचवू कशा ते सांगा की ओ. आणि एका बॅगेवर कुबड काढून तुरुतुरु पळणारी माशी पण दिसली, ती पण हीच का?

बॅगवाली_ताई: नाही, ती फोरिड, घरमाशीच्या बाजूची. अळी बघा, तिला काळं डोकं नसतं, पुढून निमुळती असते. तीपण बुरशीचे धागे खाते म्हणून वासावर येते. दोन्हींसाठी खिडकीला बारीक जाळी मारा, पिवळे चिकट कागद लावा, संपलेली बॅग खोलीत ठेवू नका, भुसकट गरम पाण्यात नीट उकळून घ्या. मशरूमवर कीटकनाशक अजिबात मारायचं नाही, खायचं आहे ते. सियारिडच्या अळीला बीटीआय (अळ्या मारणारे जिवाणू) चालतं, डासांच्या अळ्यांसाठी पाण्यात टाकतात तेच. फोरिडला त्याने काही होत नाही, तिथे जाळीच कामाची.

काळीमाती_मंगळवेढा: फाडलेली बॅग तेवढी आजच खाली शेणखताच्या खड्ड्यात पुरा, गच्चीवर ठेवली तर उद्या शेजारच्या बॅगेत.