मदत हवी आहे: खरेदीखतावरचा फिसकटलेला अंगठा आणि बनावट आधार कार्ड, ठशांची तपासणी कशी मागावी?

नमस्कार. माझ्या आत्याच्या जागी दुसरीच बाई उभी करून तिची शेतजमीन विकली गेली आहे. गुन्हा नोंद झालाय. बनावट आधारचं प्लास्टिक कार्ड, त्याची अंगठा उठवलेली झेरॉक्स आणि मूळ खरेदीखत पोलिसांनी जप्त केलंय. एजंट मात्र छातीठोकपणे सांगतो, आत्या स्वतःच आली होती.

खरी अडचण अंगठ्याची आहे. खतावर शाई जास्त लागल्याने मधला भाग नुसता काळा डाग झालाय, कडेच्या थोड्याच रेषा दिसतात. त्यात आत्याचा जन्म शेतात गेला, तिच्या बोटांच्या रेषा पार झिजल्यात. उद्या समोरचे वकील म्हणतील, अंगठा तिचाच, फक्त झिजल्यामुळे जुळत नाही. काम काही दिवस थांबवलं की रेषा पुन्हा उठून येतात आणि त्यांची मूळ ठेवण जन्मभर बदलत नाही, एवढं वाचलंय. मग तिच्या जुन्या वाटणीपत्रावरचा स्वच्छ अंगठा नमुना म्हणून चालेल का? आधारकडचे ठसे मागायचा प्रश्नच नाही. २०१६च्या आधार कायद्याच्या कलम २९ने ते कुणालाही देता येत नाहीत.

दुसरी काळजी क्रमाची. झेरॉक्सवर घामाचे न दिसणारे ठसे शोधायला निनहायड्रिन नावाचं रसायन वापरतात. ते घामातल्या अमिनो आम्लांशी मिळून जांभळा रंग देतं. पण त्या द्रावणाने शाई पसरू शकते. म्हणजे शाई, शिक्के, सही यांची तपासणी आणि फोटो आधी व्हायला हवेत ना? हे पत्रात तपास अधिकाऱ्यांना स्पष्ट लिहून द्यावं का? प्लास्टिक कार्डावरचे न दिसणारे ठसे उठवायला त्याला सुपरग्लूची वाफ देतात म्हणे, पण ते किती जणांनी हाताळलंय कोण जाणे. पोलीस, पंच, कारकून यांचे ठसे वगळण्यासाठी घेतले जातात का? आणि एजंटाचा ठसा सापडलाच, तरी कार्डाला हात लागला एवढंच सिद्ध होईल, तो कधी लागला हे कळणार नाही.

पुण्याच्या सीआयडीच्या अंगुली मुद्रा केंद्राकडे मुद्देमाल पाठवण्याचा कुणाला अनुभव आहे का? दिवाणी दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम १०अ खाली शास्त्रीय तपासणीसाठी कोर्ट कमिशनर कुणी मिळवलाय का? अर्जात काय लिहिलं होतं, तेवढं सांगितलंत तरी फार मदत होईल. आमचे वकील पुढच्या तारखेला अर्ज देणार आहेत.