'मेड इन हेवन'ला ठिगळं आहेत, पण...

गायक फ्रेडी मर्क्युरी गेल्यावर चार वर्षांनी, १९९५ साली, त्याच्या क्वीन या ब्रिटिश रॉक बँडने 'मेड इन हेवन' हा अल्बम काढला म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं, असा एक आरोप होतो. हे काही पटलं नाही बुवा. त्यात जुना माल आहे, मान्य. शीर्षकगीत आणि 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' ही दोन्ही त्याच्या १९८५च्या सोलो अल्बममधली. गळा तोच ठेवून बाकीच्यांनी वाद्यं नव्याने वाजवली.

पण 'मदर लव्ह' ऐका. मे १९९१, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा स्टुडिओ. उभं राहायचं त्राण नसताना गडी गायलाय. शेवटचं कडवं नंतर करू म्हणाला, ते राहिलंच. ते बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे गातो. हेडफोन लावलात तर आवाज बदलतो ती जागा लख्ख कळते. तो सांधा कुणी लपवलेला नाही, आणि माझ्या मते अख्ख्या अल्बममधली सगळ्यात प्रामाणिक जागा तीच.

जाता जाता, आम्हा सातारकरांचं थोडं मिरवणं: हाच फ्रेडी, म्हणजे मूळचा फारूख बलसारा, झांजिबारहून लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकायला आला आणि शाळेतल्या 'द हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवायचा. पसरणी घाट चढून स्ट्रॉबेरी खायला येणाऱ्या बहुतेकांना याचा पत्ताच नसतो!

सीडीच्या शेवटचा तो बावीसेक मिनिटांचा गूढ ट्रॅक मात्र तुमच्यावर सोडला. मी तिथे बंद करतो.