मदत हवी आहे: सिएनाचा पालिओ (इटलीतल्या सिएना शहरातली घोड्यांची शर्यत), 16 ऑगस्ट, मैदानात उभं राहायला जागा कुठे धरावी?

पिआझ्झा देल कांपो, म्हणजे शर्यत होते त्या मैदानाच्या मध्यभागी प्रवेश फुकट आहे, तिथूनच शर्यत बघायची आहे. चौघे जण, त्यातले दोघे साठीच्या पुढचे. सज्जे आणि लाकडी बैठका परवडणाऱ्या नाहीत.

अडचण अशी, की शर्यत जेमतेम दीड मिनिटाची, तीन फेऱ्या. पण उन्हात ताटकळायचं काही तास. मध्ये बसायला काही नाही, स्वच्छतागृह नाही, आणि गर्दी दाटली की बाहेर पडणं जवळपास अशक्य. त्यात मैदान शिंपल्यासारखं उतरतं. नगरभवनासमोरच्या खोलगट भागात उभं राहिलं की पुढच्यांची डोकीच दिसतात. म्हणून कठड्यालगतची जागा हवी.

सान मार्तिनोच्या उतरत्या वळणावर, जिथे भिंतीला गाद्या लावतात, खरी कसोटी लागते. पण सुरुवातीच्या दोराजवळचं नाट्यही चुकवायचं नाही: नऊ घोडे रांगेत, दहावा मागून धावत आत शिरेपर्यंत शर्यत सुटत नाही, आणि तो स्वार मुद्दाम वेळ काढतो. दोन्ही नीट दिसेल अशी जागा आहे का? दुपारी सावली आधी कुठल्या बाजूला येते? कठडा मिळवायला किती वाजता पोचावं?

की ज्येष्ठांना 15 तारखेच्या संध्याकाळची रंगीत तालीमच दाखवावी? तेच दहा घोडे, शर्यतीत उतरणारे शहरातले तेच मोहल्ले, फक्त ऐतिहासिक मिरवणूक हुकेल. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.