जुना जकात नाका पोरांकडून प्लॅन करून घ्यायचाय, सुरुवात कुठून करू?

गुरुजी_सोलापूर
नमस्कार मंडळी. शाळेजवळ पालिकेचा जुना जकात नाका आहे, जकात गेली पण नाका तसाच, पत्रे उडालेत, आत बाभळी न कचरा. त्याचं काय करायचं ते आठवी-नववीच्या पोरांनी ठरवावं अशी फार इच्छा आहे. पण चित्रं काढून कागद कपाटात जायला नकोत. कुणी केलंय का असं?

पेठेतली_स्मिता
सर आधी जागेची कागदपत्रं बघा. सिटी सर्व्हे ऑफिसातून मालमत्ता पत्रक (जागेचा मालकीचा उतारा) काढा, नगररचना विभागात डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, काय आरक्षण आहे विचारा, रस्ता रुंदीकरणात जात असेल तर पोरांची मेहनत वाया. पोरांनाच सोबत न्या की, नकाशा वाचायला तिथंच शिकतील.

आर्किटेक्ट_पूर्वभाग
लगेच कागद-पेन्सिल देऊ नका सर. आधी आठवडाभर नुसतं बघू द्या, सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी, कोण येतं कुठं बसतं. रिकामी म्हणतो ती जागा रिकामी नसती, आपल्याकडं असल्या भिंतीच्या सावलीला बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असतात, उद्या तिथं गार्डन करून गेट लावलं की पहिल्यांदा त्याच बाहेर. त्यांना विचारायचं काम पोरींना द्या, या बाया बऱ्याचदा तेलुगू बोलणाऱ्या, तशा पोरी असतीलच वर्गात, मावशी मोकळं बोलतील. मग फक्कीनं जागेवरच खऱ्या मापात आखा, बाक इथं, झाड इथं, आणि चालून बघा. यूएन-हॅबिटॅट ही संयुक्त राष्ट्रांची शहरांसाठीची संस्था 2012 पासून माइनक्राफ्ट गेमवर लोकांकडून, त्यात पोरंही आली, चौक-मैदानं डिझाइन करून घेतंय, तत्त्व हेच, आपल्याला फक्की बास.

कडुनिंब_४१३
लॉनच्या नादी लागू नका!! नळाला पाणी काही दिवसांआड येतंय, मे महिन्यात सगळं जळून जाईल. कडुनिंब, करंज लावा न पहिली दोन-तीन वर्षं पाणी कोण घालणार ते आत्ताच ठरवा. मुंबईत माटुंग्याला फ्लायओव्हरखाली 2016 ला बाग झाली ती रहिवासी पालिकेच्या मागं लागून राहिले म्हणून.

गुरुजी_सोलापूर
मनापासून आभार. पाण्याचं डोक्यातच नव्हतं. फक्की आहे शाळेत, शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोरांना घेऊन जातो. स्मिताताई, मालमत्ता पत्रकाला शाळेच्या लेटरहेडवर अर्ज चालतो का?

पेठेतली_स्मिता
चालेल, फक्त सिटी सर्व्हे नंबर आधी शोधून ठेवा.