दूर तैनात जवानाला 'अनुपस्थित मतदार' म्हणावं का?

घरापासून दूर तैनात असलेल्या जवानांच्या मतदानावर एक माहितीपत्रक मराठीत लिहिते आहे. 'अ‍ॅबसेंटी व्होटर'ला 'अनुपस्थित मतदार' असं लिहिलं आणि तिथेच अडले. फौजेत बिनरजा गैरहजर राहणं हा गुन्हा. जो नेमून दिलेल्या चौकीवर हजर आहे, आणि म्हणूनच मतदान केंद्रावर पोचू शकत नाही, त्याला अनुपस्थित कसं म्हणू?

— ताई, म्हणूच नका. अर्थाची अडचण आहेच, शिवाय आपल्याकडे तो शब्द दुसऱ्यांना दिलेला आहे. २०१९च्या नियमदुरुस्तीपासून अत्यावश्यक सेवेतले कर्मचारी, वयोवृद्ध आणि दिव्यांग असे मतदार 'अनुपस्थित' या वर्गात येतात. जवान 'सर्व्हिस व्होटर', म्हणजे सेवा मतदार.

— 'सैनिक मतदार' का नको? ऐकताक्षणी कळतं.

— कळतं, पण अपुरं पडतं. राज्याबाहेर नेमलेले सशस्त्र पोलीस आणि परदेशात नेमणुकीवर असलेले केंद्र सरकारचे कर्मचारीही सेवा मतदारच. बरोबर राहणाऱ्या पत्नीलाही ही सोय होती, महिला अधिकाऱ्याच्या पतीला मात्र नव्हती, कारण कायद्यात शब्दच 'पत्नी' होता. २०२१च्या दुरुस्तीने तो बदलला. पत्रकात 'पती किंवा पत्नी' असं स्पष्ट लिहा. एका शब्दापायी कितीतरी जणांची सोय अडून राहिली होती.

— 'टपाली मतदान' खुशाल वापरा. २०१६पासून कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवता येते, पण जवान ती छापून, खूण करून पाकिटात घालतो आणि परतीचा प्रवास टपालानेच होतो. मतमोजणी सुरू होण्याआधी पोचली तरच ती धरतात, हे ठळक छापा.

— आभार. आता 'प्रॉक्सी' उरला. सैन्यदलातल्या मतदाराला आपल्या मतदारसंघात राहणाऱ्या एखाद्याला आपल्या वतीने मत द्यायला नेमता येतं. पण कॉलेजातल्या 'प्रॉक्सी मारण्या'मुळे मराठीत या शब्दाला लबाडीचा वास आहे. 'मतदान प्रतिनिधी' कसा वाटतो?

— तो तर केंद्रात बसणारा उमेदवाराचा माणूस! घोटाळा होईल. 'मुखत्यार' सुचवतो. शेतीवाडीच्या कागदांमुळे वडीलधाऱ्यांना ओळखीचा आहे.

— मुखत्यार व्यवहार सांभाळतो, त्यात मत देणं येत नाही. मी 'बदली मतदार' म्हणेन.

— 'बदली'ने जवानाचीच बदली झाली असं वाटेल. फौजेत तो शब्द रोजचा आहे.

— खरंय. मग मी शब्द घडवत नाही, 'जवानाने नेमलेला मतदार (प्रॉक्सी)' असं लिहिते. लांब आहे, पण गावाकडे बसलेल्या आईला वाचताक्षणी कळेल की मुलाच्या वतीने तीही मत देऊ शकते.

— आणि शाईचंही लिहा. मुलाच्या वतीने मत देताना ती डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात. तर्जनी तिच्या स्वतःच्या मतासाठी मोकळी राहते.